ठकीला कोणी विचारले?

राम गणेश गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या टोपणनावाने लिहिलेली ठकीच्या लग्नाची कथा वाचून मराठी माणूस शंभर वर्षे हसतो आहे. ठकी रूपाने डावी, म्हणून लग्न जमत नाही; आणि ते जमवायला बापेमाणसे लढाईवर निघाल्यासारखी निघतात. लग्नाच्या बाजाराची गडकऱ्यांनी यथेच्छ टर उडवली, हे मान्य. पण हसू कुणाच्या जिवावर? निम्मे हसू ठकीच्या तोंडावळ्यावरच आहे. मोहीम पुरुषांची, ठकी नुसती निमित्ताला.

गडकरी १९१९ मध्ये गेले. त्यांच्या कितीतरी आधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून हाच उपहास उलटा फिरवला होता. बाईला नावे ठेवणाऱ्या पुरुषांनाच त्यांनी आरशापुढे उभे केले. टीकेची झोड उठली, तेव्हा पाठीशी उभे राहिले ते जोतीराव फुले, १८८५ च्या ‘सत्सार’मधून. शाळेच्या पुस्तकांतून मात्र आपल्याला गडकरीच जास्त भेटले. असो.

आता आपल्या दाराशी पाहू. भातसेकाठच्या सापगावात, शहापुरात, मुरबाडात मुलगी बघण्याचे कार्यक्रम आजही होतात. मुलगी बी.ए., बी.एड. असते, तरी पोह्यांच्या बश्या तिनेच आणायच्या. ‘चालून दाखव’ कमी झाले असेल. आता मोबाईलवर फोटो मागवून ‘सावळी आहे’ म्हणून परस्पर नकार जातो. बौद्ध घरांतूनही! भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि खाली सतरंजीवर गोऱ्या सुनेची चर्चा.

वर ते ठेवणीतले वाक्य : ‘आम्हाला हुंडा नको, तुमच्या मुलीला काय द्यायचे ते द्या.’ वकील म्हणून सांगणे भाग आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानुसार लग्नाच्या संबंधाने, आधी वा नंतर, दिलेली किंवा कबूल केलेली मालमत्ता हुंडाच ठरते. नुसती मागणी हाही गुन्हा. न मागता दिलेल्या भेटींना सूट आहे, पण त्यांची यादी करावी लागते. आणि सुचवून घेतलेली भेट ‘न मागता’ कशी?

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखालील महिला परिषदेत बाबासाहेबांनी बजावले होते : मुलींच्या लग्नाची घाई करू नका, लग्न झालेलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, गुलाम होऊ नये. मग वधू-वर मेळाव्याच्या अर्जात ‘रंग’ हा रकाना कशाला? संयोजकांनी तो येत्या मेळाव्यापासून काढावा आणि मंचावर मुलाचा बाप बोलण्याआधी माईक मुलीच्या हाती द्यावा.