बरड जमीन : आधी खोली मोजा, मग बियाणे आणा



पोळ्याच्या सुमारास पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली, की उमरखेडच्या शिवारात एक गोष्ट हमखास बघायला मिळते. पैनगंगेच्या काठच्या काळ्या वावरातली पऱ्हाटी तशीच हिरवीगार उभी असते; आणि टेकडीच्या अंगाच्या बरडावरची पऱ्हाटी दुपारीच माना टाकते. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला. बियाणे एकाच दुकानातले, खताची गोणीही तीच. मग फरक कशात पडला?

फरक पडला खालच्या भांड्यात. काळी जमीन म्हणजे रांजण आणि बरड म्हणजे परात. आपल्याकडे वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस पडतो. तो काही थोडा नाही. पण परातीत घागर ओतली तर काय होईल? काठोकाठ भरेल आणि बाकीचे सांडून जाईल. दुसऱ्या दिवशी ऊन पडले की परात पुन्हा कोरडी.

हे आकड्यांत पाहू या. चांगली मीटरभर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. वीतभर मातीच्या, खडे-मुरूम मिसळलेल्या बरडात हेच पाणी जेमतेम २५ ते ३० मिलिमीटर राहते. भर फुलोऱ्यातले पीक दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी पिते. आता तुम्हीच हिशेब करा. काळ्या जमिनीत महिनाभराची बेगमी, आणि बरडात सहा दिवसांची. सातव्या दिवशी पीक उपाशी. त्यात तुमचा आळस नाही की बियाण्याचा दोष नाही.

तसे पाहिले तर ही दोन्ही माती एकाच खडकाची लेकरे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागावर लाव्हारसाचे थरांवर थर साचले. त्याचाच हा काळा पाषाण. सहस्रकुंडाला गेलात तर धबधब्यापाशी तो उघडा पडलेला दिसतो. पाषाण कुजून मुरूम होतो आणि मुरूम कुजून माती होते. सपाटीवर ती जागच्या जागी साठत गेली. उतारावरची माती मात्र होते न होते तोच पावसाबरोबर खाली निघून जाते, म्हणून टेकडीवर मुरूम राहिला आणि खोऱ्यात काळी साचली. काठच्या शेतकऱ्याच्या काळ्या मातीत वरच्या बरडाचा वाटा आहे, असे म्हटले तरी चालेल!

म्हणून बरडवाल्याने बियाण्याची पिशवी फोडण्याआधी एक काम करावे. पहिल्या पावसानंतर वाफसा आला की सब्बल आणि फावडे घेऊन वावरात जावे. वरच्या अंगाला, मध्ये आणि खालच्या अंगाला, प्रत्येकी तीन ठिकाणी खड्डा घ्यावा. माती संपून कठीण मुरूम किंवा खडक लागला की थांबावे आणि हाताने मोजावे. एक वीत म्हणजे ९ इंच, एक हात म्हणजे १८ इंच. ही मापे पुरेत. मुरूम मऊ असेल, बोटाने कुस्करत असेल, तर मुळे त्यात थोडी उतरतात, तेवढी सूट धरावी. पैनगंगा अभयारण्यातला साग असल्याच पातळ मातीवर उभा आहे, हे खरे. पण सागाला खडकाच्या भेगा शोधायला वर्षानुवर्षे मिळतात. आपल्या पिकाला चारच महिने आहेत.

बहुतेकांना असे दिसेल की एकच वावर म्हणून आपण जे पेरतो, त्यात दोन-तीन वावरे लपलेली आहेत. वरच्या अंगाला वीतही भरत नाही, मध्ये वीत ते हात आणि धुऱ्याजवळ खाली हातापेक्षा जास्त. मग सगळीकडे एकच पीक कशाला?

हातापेक्षा खोल असेल तिथे कपाशी आणि तूर घ्यावी. वीत ते हात खोलीवर लवकर निघणारे पीक हवे. मूग आणि उडीद ६५ ते ७५ दिवसांत येतात, तीळ तीन महिन्यांत, लवकरची ज्वारी साडेतीन महिन्यांत. ही पिके पावसाच्या पाण्यावर उभी राहतात आणि पाऊस संपता संपता घरी येतात. कपाशीचे गणित उलटे आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस परततो आणि कपाशीची बोंडे भरायची असतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. नेमकी तेव्हाच परात कोरडी!

"मुगाने घर चालते काय?" असे तुम्ही म्हणाल, आणि ते बोलणे चुकीचे नाही. काढणीला पाऊस लागला तर शेंगेत कोंब फुटतात, भावही हाती नसतो. पण उथळ तुकड्यावरच्या कपाशीला बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि वेचणी असा सगळा खर्च काळ्या जमिनीइतकाच लागतो, आणि कापूस येतो एका-दोन वेचणीचा. कर्जाची उचल त्या तुकड्यावर जिरते. मुगात निदान बुडण्याजोगे कमी असते. तिथे कपाशीच घ्यायची असेल तर लवकर येणारा वाण दाट लावावा. झाडाला बोंडे थोडी लागली तरी झाडांची संख्या जास्त असल्याने ती भरून निघतात, आणि पीक लवकर मोकळे होते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने हलक्या कोरडवाहू जमिनीसाठी हीच दिशा सांगितली आहे.

आता परातीतले पाणी आणि माती टिकवण्याचे. उताराच्या दिशेने तिफण धरली, की प्रत्येक तास म्हणजे पाण्याला काढून दिलेला पाट. एकरावरून नुसती १ मिलिमीटर माती गेली, जी डोळ्याला दिसतसुद्धा नाही, तरी ती ४ घनमीटर भरते. वजनाने सुमारे पाच टन. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्यात, शेजारच्या महागाव तालुक्यातही काय झाले ते तुम्ही पाहिले आहे. वीतभर मातीतून बोटभर गेली तर नांगराला उरते काय?

म्हणून पेरणी उताराला आडवी करावी. आडवी रेघ नजरेने साधत नाही. ती काढायची चौकट घरीच होते. सात-सात फुटांचे दोन सरळ बांबू घ्या. वरची टोके एकत्र बांधा, खालचे पाय सहा फूट फाकवा आणि मधोमध आडवी काठी बांधा. वरच्या गाठीपासून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडा. चौकट जमिनीवर उभी करा आणि दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा. मग चौकट फिरवून डाव्या पायाच्या जागी उजवा आणि उजव्याच्या जागी डावा ठेवा, पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य ही तुमची सपाटी. आता एक पाय स्थिर ठेवून दुसरा पुढे-मागे सरकवा. दोरी मध्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत आले. तिथे खुंटी ठोका आणि तिथूनच पुढचे पाऊल टाका. वारा नसताना, सकाळीच हे काम करावे. साठ-सत्तर फुटांवर एक अशा रेघा पडल्या की मधली तासे त्यांच्या अंदाजाने धरता येतात. दोन माणसे असली की काम भराभर होते. पोरांनाही यात गंमत वाटते.

शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून सरी पाडावी. त्या सऱ्यांत थांबलेला पाऊस पिकाला चार दिवस जास्त देतो.

गोट्यांबद्दल एक सांगायचे राहिले. मोठे गोटे वेचून त्याच आडव्या रेघेवर मांडावेत, कोपऱ्यात ढीग घालू नये. बारीक खडे मात्र सगळे वेचू नयेत. पावसाचा मार ते अंगावर घेतात आणि खालची माती झाकून ठेवतात. रेघेवर गिरिपुष्पाच्या काड्या किंवा वाळ्याचे ठोंब लावले तर माती तिथे अडकते. गिरिपुष्पाचा पाला कापून सरीत टाकता येतो. आणि जुने बांध नांगरून दोन तासे वाढवण्याचा मोह, मी स्पष्टच सांगतो, बरडवाल्याने करूच नये.

तलावाचा गाळ टाकल्याने परात खोल होते, यात शंका नाही. पण एका एकरावर इंचभर थर द्यायला सुमारे ३६ ब्रास गाळ लागतो. एवढ्या खेपा परवडत नसतील तर सगळ्या वावरावर शिंपडण्यापेक्षा अर्ध्या एकरावर नीट टाकावा. आणि आडवे बांध आधी, गाळ नंतर. नाहीतर तो पहिल्याच पावसात पुन्हा तलावात जाईल आणि डिझेलचे पैसे तेवढे तुमचे जातील.

राहिला वरचा, वीतही न भरणारा तुकडा. तिथे नांगर घालूच नये. पवना, मारवेल यांसारखे गवत आणि स्टायलो राखावे, आणि मध्ये सीताफळ, बोर किंवा आवळा लावावा. सीताफळाचा पाला शेळी तोंडात घेत नाही, ही आपल्याकडे मोठीच सोय आहे. फळ धरायला चार-पाच वर्षे जातात. तोवर त्या तुकड्याचे उत्पन्न म्हणजे चारा, असे मनाशी धरून चालावे. खड्डे उन्हाळ्यात दोन-दोन फुटांचे घ्यावेत आणि मे महिन्यात खालच्या धुऱ्याजवळची माती व शेणखत घालून भरावेत. प्रत्येक झाडाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्रासारखा मातीचा बांध द्यावा, तोंड वरच्या बाजूला, म्हणजे वरून येणारे पाणी बुंध्याशी थांबेल.