अन्नातील सिलिकॉन आणि हृदयाचे आरोग्य

भाताच्या रोपवाटिकेत तुसाची काळी राख मिसळण्याची पद्धत चारसूत्री लागवडीमुळे कोकणातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची झाली आहे. तूस जाळले असता त्याच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी राख उरते व तीत बहुतांशी सिलिका असते. ती शोषून घेणारी रोपे ताठ राहतात आणि खोडकिडा व करपा यांना अधिक चांगले तोंड देतात. जे द्रव्य पिकाला बळकटी देते ते माणसाच्या हृदयालाही देईल काय, असा प्रश्न साहजिकच निघतो. सिलिकॉनच्या गोळ्या आता बाजारात मिळत असल्याने ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना त्याचे उत्तर ठाऊक असणे जरूर आहे.

वाळू म्हणजे बव्हंशी सिलिकाच होय. परंतु पोटात गेलेली वाळू जशीच्या तशी बाहेर पडते. पाण्यात विरघळलेले सिलिकॉन मात्र आतड्यांतून रक्तात जाते व पुढे मूत्रावाटे निघून जाते. 1972 साली अमेरिकेत कोंबडीची पिल्ले व उंदीर यांना सिलिकॉनविरहित खाद्य देऊन पाहण्यात आले, तेव्हा त्यांची वाढ खुंटली. मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही हे द्रव्य असते, आणि रोगाने कठीण झालेल्या भिंतींत ते कमी आढळते. फ्रान्समधील संशोधकांनी 1979 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, रक्तवाहिन्या बिघडविणारे खाद्य खाणाऱ्या सशांना सिलिकॉन दिल्यावर त्यांच्यातील बिघाड कमी झाला होता. पण ससा म्हणजे माणूस नव्हे.

या बाबतीत फिनलंड देशाचे उदाहरण फार उद्‌बोधक आहे. त्या देशाच्या पूर्व भागात हृदयविकाराचे मृत्यू पश्चिम भागापेक्षा अधिक होत असत. पूर्वेकडील पिण्याच्या पाण्यात सिलिकॉन कमी असल्याचे क्लाउस श्वार्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली दाखवून दिले. कारण सापडले, असे कोणासही वाटावे! परंतु त्याच पूर्व भागातील उत्तर कारेलिया प्रांतात 1972 पासून निराळेच कार्य सुरू झाले होते. लोकांनी लोणी व मीठ कमी करावे, धूम्रपान सोडावे, रक्तदाब तपासून घ्यावा, यांवर तेथे भर होता. पाण्यात सिलिकॉन घालणे हा त्या कार्याचा भाग नव्हता. सुमारे 35 वर्षांत काम करण्याच्या वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू चार-पंचमांशांहून अधिक घटले.

सिलिकॉन घेतल्याने माणसाचा हृदयविकार टळतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही, आणि ते रोज किती घ्यावे याचे प्रमाणही ठरलेले नाही. त्यासाठी पैसे खर्च करण्याचे कारण नाही. आपली धान्ये, फरसबीसारख्या शेंगा व विहिरीचे पाणी यांतून ते मिळतच असते. केळ्यात ते पुष्कळ असले तरी अंगी फार थोडे लागते. भाताच्या बाबतीत मात्र गिरणीवाल्यास दोन शब्द सांगावेत. तुसाखालील कोंड्यात सिलिकॉन असते, तसेच ब जीवनसत्त्व व चोथाही असतो. तांदूळ पांढराशुभ्र करण्याच्या हौसेपायी हे सर्व कोंड्याबरोबर निघून जाते. हातसडीचा वा कमी सडलेला तांदूळ आणि नाचणीची वा ज्वारीची भाकरी यांचा लाभ एका सिलिकॉनपुरता नाही.

गोळ्यांचा खरा धोका निराळा आहे. गोळी चालू आहे या भरवशावर रक्तदाबाचे औषध बंद करणे किंवा छातीत दाटून येत असता घरीच बसून राहणे प्राणावर बेतू शकते. अशा मनुष्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे. तंबाखू व विडी सोडावी. लोणचे-पापड धरून दिवसाचे मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून सिलिकॉनच्या गोळ्या मुळीच घेऊ नयेत.

तुसाची राख ही वाफ्याची वस्तू आहे, पोटात घेण्याची नव्हे. तिची धूळ फुप्फुसांस अपाय करते. म्हणून ती पसरताना नाकातोंडावर फडके बांधावे, वाऱ्याकडे पाठ करावी आणि राख थोडी ओलसर करून घ्यावी.