पट घटला म्हणजे गाव ओस पडलं का?

इंदापूर-अकलूज रस्त्यावरच्या बावड्याच्या परिसरात, किंबहुना अख्ख्या इंदापूर-बारामती पट्ट्यात, वस्तीशाळेचा पट घटला की एकच निदान ऐकू येतं: माणसं पुण्याला गेली, गावं रिकामी झाली, आता शाळा कशाला? घाटमाथ्यावरच्या वाड्यांना हे लागू पडेलही, पण नीरेच्या काठी ते बसत नाही. 2011 च्या जनगणनेत एकट्या इंदापूर तालुक्यात पावणेचार लाखांहून अधिक माणसं होती. इथे विरळ आहे ती माणसांची मांडणी. नीरा डावा कालवा आणि उजनीच्या पाण्यावर बागायत वाढली, तशी कुटुंबं गावठाण सोडून रानात राहायला गेली आणि वाड्यावस्त्या झाल्या. त्यात घराघरातली मुलं कमी झाली. राज्याचा एकूण प्रजनन दर 1992-93 मध्ये 2.9 च्या आसपास होता, तो 2019-21 मध्ये 1.7 वर आला. उरलेल्यांपैकी काहींना इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी दारातून उचलून नेते. तेव्हा पट घटला, तरी गाव भरलेलंच असतं.

शिवाय हा पट मोजायचा कधी, हाही प्रश्न आहे. शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेसाठी 30 सप्टेंबरची पटसंख्या धरतात. साखर कारखान्यांची धुराडी पेटतात दिवाळीच्या आगेमागे, आणि बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या तेव्हा येतात. फडाजवळच्या कोप्यांतली त्यांची मुलं हजेरीपटावर असतात गावाकडच्या शाळेत आणि राहतात इथे, गाळप संपेपर्यंत. म्हणजे ज्या महिन्यांत या भागात मुलं सर्वांत जास्त, ते महिने हिशेबातच येत नाहीत. या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, नंतर त्यांच्या मूळ गावी हंगामी वसतिगृहांची सोय झाली; तरी आईबापांच्या मागे फडात येणारी मुलं संपलेली नाहीत.

दुसरा गैरसमज पैशाचा. ऊसपट्टा सधन, मग शाळेला काय कमी? उसाचं बिल शेतकऱ्याच्या खात्यात जातं, शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. गावच्या सुबत्तेचा शाळेच्या जमाखर्चाशी थेट संबंध जवळजवळ नाहीच. समग्र शिक्षा योजनेचं शाळा अनुदान तर पटावर ठरतं: तीसपर्यंत मुलं असतील तर वर्षाला 10,000 रुपये, शंभरापर्यंत 25,000. छप्पर आणि वीजबिल मात्र पट पाहून लहान होत नाहीत.

सात मुलांच्या शाळेत कसलं शिक्षण, त्यापेक्षा मोठी समूह शाळा बरी, हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. एका शिक्षकाने चार इयत्ता सांभाळणं अवघडच, आणि मुलांना सोबतीही हवेत. पण 2023 मध्ये समूह शाळांची चर्चा झाली तेव्हा ज्या पानशेतचा दाखला पुढे आला, तो डोंगराळ, धरणाकाठचा मुलूख. इथे पहिलीतल्या पोराला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रस्त्यावरून जायचं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळेसाठी एक किलोमीटरची मर्यादा आहे. ती ओलांडायची तर गाडीची हमी आधी हवी, कुलूप नंतर. आणि कुठलीही शाळा पटावरून निकालात काढण्यापूर्वी शिक्षण विभागाने त्या शिवारातल्या कोप्यांची जानेवारीत एकदा मोजणी करावी.