झटक्याचे टक्के किती?

शिष्यवृत्त्यांच्या नियमावल्या वाचणे हा काही कोणी छंद म्हणून सांगावा असा उद्योग नव्हे. माझी मात्र नोकरीची बरीच वर्षे एका महाविद्यालयाच्या कार्यालयात असे अर्ज तपासण्यात गेली आणि स्वेच्छानिवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. शासननिर्णय, कायद्यांची परिशिष्टे, निकालपत्रे जमेल तशी स्वतःच वाचत गेलो. त्यात एका प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला. अपस्मार असलेल्या विद्यार्थ्याला दिव्यांगांसाठी असलेली शिष्यवृत्ती का मिळत नाही?

अपस्मार म्हणजे आपल्याकडची फिट, आकडी, फेफरे, मिरगी. आजार एक, नावे चार, आणि घरात यांपैकी एकही मोठ्याने उच्चारायचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के लोक कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. अनेकांचा आजार बालपणी किंवा ऐन तारुण्यात सुरू होतो, म्हणजे नेमका शिक्षणाच्या वयात.

आता कायदा पाहू. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते २१ केले. त्यात सेरेब्रल पाल्सी आली, स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली. मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन आजारांचे स्वतंत्र शीर्षकही आले आणि त्याखाली दोन नावे दिली गेली : मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि पार्किन्सन. पार्किन्सन हा मुख्यतः उतारवयातला आजार. प्रथम वर्षाच्या वर्गात तो सहसा भेटत नाही. त्या वर्गात हमखास भेटणारा अपस्मार मात्र यादीत नाही. गंमत म्हणजे मूळ इंग्रजी मजकुरात या दोन नावांआधी ‘जसे की’ या अर्थाचे शब्द आहेत. ‘जसे की’ म्हटल्यावर माणूस उदाहरणे समजतो, पण प्रमाणपत्राच्या खिडकीवर ती पूर्ण यादी ठरते.

समजा, उद्या अपस्माराचे नाव यादीत आले, तरी पुढे ४० टक्क्यांचा उंबरठा आहे. केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असो की उच्च शिक्षणातले ५ टक्के आरक्षण, दोन्हींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. टक्के काढायची आपली पद्धत मुळात स्थिर अवस्थेसाठी घडलेली आहे. सांधा किती अंशांत वळतो, स्नायूंत ताकद किती, डोळ्याला किती अंतरावरचे दिसते, हे आज मोजा किंवा सहा महिन्यांनी, आकडा साधारण तोच येतो. अपस्माराचे तसे नाही. तपासणीच्या दिवशी मुलगा ठणठणीत असतो. दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजीदेखील, कित्येकदा निर्दोष निघतो. मग डॉक्टरांनी टक्के कशाचे लिहायचे?

माझ्या मते इथेच सगळी मेख आहे. हा आजार शरीराचा एखादा भाग नेत नाही, तो वेळ नेतो. झटका दोन मिनिटांचा, पण नंतरची गुंगी, डोकेदुखी आणि गोंधळलेपणात दिवस जातो. परीक्षेच्या सकाळी झटका आला तर वर्ष जाते. जागरण केले तर झटक्याचा धोका वाढतो, म्हणून रात्रीचा अभ्यास बंद. गाडी चालवायची नाही, म्हणून कॉलेजला सोडायला घरातले कोणीतरी रोजगार बुडवून जाणार. औषधांचीही किंमत मोजावी लागते. टोपिरामेट घेणाऱ्या काहींना बोलताना नेमका शब्द सापडत नाही, लेव्हेटिरासिटॅमने काहींची चिडचिड वाढते. आणि बहुतेक शिष्यवृत्त्यांना हजेरी लागते, नूतनीकरणाला पुढच्या वर्गात गेल्याचा दाखला लागतो. आजार जे हिरावून घेतो, नेमके तेच पुरावा म्हणून मागितले जाते.

हाच तिढा अमेरिकेत आधी पडला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये दृष्टिदोष असलेल्या दोन बहिणींच्या खटल्यात ठरवले, की चष्मा किंवा औषध घेतल्यावर माणूस कसा आहे ते पाहूनच त्याला अपंग म्हणायचे की नाही ते ठरेल. या न्यायाने, गोळ्यांनी झटके आटोक्यात ठेवणारा माणूस अपंग नव्हे, पण मालकाच्या दृष्टीने नोकरीला नालायक मात्र असू शकतो. २००८मध्ये काँग्रेसने कायदा दुरुस्त केला. आजार अधूनमधून उसळणारा असेल, तर तो उसळलेला असतानाची अवस्था धरायची आणि औषधाचा गुण हिशेबात घ्यायचा नाही. दोन ओळींची दुरुस्ती, पण तिने मोजायची वेळच बदलली.

त्या कायद्याने शिष्यवृत्ती मिळत नाही, मिळतात त्या सवलती. पैसा बराचसा खासगी संस्थांकडून येतो आणि तिथे टक्के विचारत नाहीत, निदान पुरते. मल्टिपल स्क्लेरॉसिससाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था तर आई किंवा वडिलांना तो आजार असलेल्या मुलांनाही शिष्यवृत्ती देते. आजार घराचे उत्पन्न खातो, हे तिने ओळखले आहे. अपस्मारासाठीच्या शिष्यवृत्त्यांत यूसीबी या औषध कंपनीची ठळक आहे. हीच कंपनी लेव्हेटिरासिटॅम बाजारात आणणारी. गोळी विकणाऱ्याने फी भरावी, यात जाहिरात किती आणि दान किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तो मार्ग सरकारी हक्काइतका भरवशाचा वाटत नाही.

आपल्याकडे दार अगदीच बंद नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता. वैद्यकीय मंडळाने त्याचे अपंगत्व ६ टक्के ठरवले होते. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे, लेखनिकासारखी वाजवी सोय तिच्यात अडकवता येणार नाही. पुढे ऑगस्ट २०२२मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्या, लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. शिष्यवृत्ती मात्र उंबरठ्यापलीकडेच राहिली.

सरकारची बाजूही पोकळ नाही. निधी मोजका आहे आणि खोट्या प्रमाणपत्रांच्या तक्रारी महाराष्ट्राने अलीकडेच ऐकल्या आहेत. पण अपस्माराचा पुरावा मिळवणे अवघड नाही. सरकारी रुग्णालयातले दोन वर्षांचे केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, बुडालेल्या परीक्षांची नोंद एवढे पुरे. टक्क्यांऐवजी हे पाहावे, आणि वर्ष बुडाल्यास एक जादा वर्ष शिष्यवृत्ती चालू ठेवावी. रकमेपेक्षा या जादा वर्षाची गरज मोठी आहे.

मागणीचा आवाज फारसा येत नाही, याचे कारण कायद्याहून जुने आहे. १९९९पर्यंत हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके हा लग्नाच्या वैधतेला बाधा आणणारा दोष होता. दुरुस्तीने तो शब्द काढला, पण स्थळे पाहणाऱ्यांनी नाही. कार्यालयात असताना एक बाई मुलीच्या फीसाठी आल्या होत्या. दोन सत्रे का बुडाली, हे खूप आढेवेढे घेऊन सांगितले. खासगी विश्वस्त निधीकडे आजाराचे कारण देऊन अर्ज करता येईल, असे मी म्हटले. रक्कम किती, हे त्यांनी विचारलेच नाही. “साहेब, यादी फळ्यावर लागते का?” एवढेच विचारले. लागते म्हटल्यावर त्यांनी कोरा अर्ज घडी घालून पिशवीत ठेवला. तो काही परत आला नाही.