जुन्या जीपचे टॅपेट आणि तेल

आलापल्लीच्या जंगलवाटांवर राबलेल्या जुन्या विलीस जीपचे टॅपेट वाजू लागले, की दोष चालकाच्या माथी येतो. पुष्कळदा खरा दोषी तेल असते. कॅमशाफ्टचा उंचवटा सपाट टॅपेटवर घासतो. त्या चिंचोळ्या जागी दाब प्रचंड असतो. तेथे तेलातील जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्याचा पातळ थर धातू वाचवितो. परंतु फॉस्फरस धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवितो, म्हणून नव्या पेट्रोल गाड्यांच्या तेलात तो कमी केला आहे. जुन्या गाडीस जस्त अधिक असलेले तेलच घालावे. नवा कॅमशाफ्ट बसविल्यास इंजिन सुरू होताच सुमारे 20 मिनिटे मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या आसपास चालवावे. मंद ठेवल्यास कॅमवर तेल पुरेसे उडत नाही. चालकाला जाब विचारण्यापूर्वी तेलाचा डबा वाचावा!