समुद्राखालची शेती आणि आमची खाचरे

गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात आपल्या मंडळाच्या बारा सभासदांसमवेत हॉलंड, म्हणजेच नेदरलँड्स, हा देश पाहून येण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. मंडळाने आम्हांस पाठविले ते बाजारपेठ व पाण्याची व्यवस्था पाहण्यासाठी. त्यासोबत सृष्टिशोभा व खाद्यपदार्थ यांचाही लाभ घडला, हे लपविण्याचे कारण नाही. तथापि मंडळाच्या पैशाचा हिशेब सभासदांस देणे हे माझे कर्तव्य असल्याने कामाची गोष्ट आधी सांगतो.

आमचे विमान ज्या भूमीवर उतरले ती भूमी पूर्वी सरोवराचा तळ होती. हार्लेमरमीर नामक हे विस्तीर्ण सरोवर १८४९ ते १८५२ या काळात तीन प्रचंड वाफेच्या पंपांनी उपसून कोरडे केले गेले व सुमारे १८ हजार हेक्टर जमीन लागवडीस आली. त्यांपैकी क्रुकियुस नावाचे पंपघर आता संग्रहालय म्हणून जतन केले आहे, ते आम्ही पाहिले. विमानतळ समुद्रसपाटीहून सुमारे चार मीटर खाली आहे, असे कळताच आमच्यातील एका वृद्ध गृहस्थांनी पायांखालची फरशी दोनदा दाबून पाहिली! त्या देशाचा सुमारे एक चतुर्थांश भाग असाच समुद्रसपाटीखाली आहे.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे आल्समीर येथील फुलांचा लिलाव पाहिला. आपल्याकडे बोली खालून वर चढते, तेथे ती वरून खाली उतरते. घड्याळासारख्या तबकडीवर भाव घसरत जातो व जो खरीददार प्रथम कळ दाबून तो थांबवितो त्यास माल मिळतो. घासाघीस नाही, की रुमालाखाली बोटे धरणे नाही. बहुतेक खरीददार आता दूर बसून संगणकावरूनच बोली लावतात. विशेष हे की, हा बाजार फूलउत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. तदनंतर क्युकेनहॉफचा बगीचा पाहिला. तेथील ट्यूलिपचे ताटवे वर्णन करण्यास माझी लेखणी असमर्थ आहे, म्हणून तो प्रयत्न करीत नाही.

भोजनाविषयी थोडे. तेथील लोक दुपारी पाव व चीज एवढ्यावरच भागवितात. गरम भाताची सवय असलेल्या आम्हां ठाणेकरांस तिसऱ्या दिवशीच घरची आठवण झाली. हेरिंग नावाचा मासा ते मिठात मुरवून, न शिजविताच, बारीक चिरलेल्या कांद्यासह खातात. आमच्यातील एका आगरी बंधूंनी तो धीटपणे खाऊन, ‘सुक्या बोंबलाची सर नाही,’ असा निकाल दिला. गौडा गावची पाकभरली चपटी बिस्किटे मात्र सर्वांस आवडली. एके रात्री जावा-सुमात्रा बेटांकडील पद्धतीचे जेवण मिळाले. त्यात भाताभोवती लहान लहान वाट्यांतून अनेक तिखट-गोड कालवणे मांडलेली होती. त्या रात्री कोणी ताटात शीत ठेवले नाही.

आता मूळ मुद्दा. सखल जमिनीतील पाणी अहोरात्र उपसून बाहेर टाकावे लागते. पूर्वी हे काम पवनचक्क्या करीत. किंडरडाइक येथे बहुतांशी अठराव्या शतकातील अशा १९ चक्क्या अद्याप उभ्या आहेत. बांध, कालवे व पंप यांची देखरेख ‘जलमंडळे’ करतात. त्यांतील काही तेराव्या शतकापासून चालत आलेली आहेत. मंडळाचे सभासद निवडून येतात आणि जमीनमालक व रहिवासी त्यांस स्वतंत्र पट्टी देतात. प्राचीन काळी तेथे असा दंडक होता की, ज्यास आपल्या वाट्याचा बांध राखणे अशक्य होई त्याने बांधात आपले फावडे रोवून जमीन सोडून जावे, आणि जो ते फावडे उपटील त्याने जमीन व बांधाची जबाबदारी दोन्ही घ्यावीत. महसूल कारकुनास हे चटकन समजले. आपल्या जुन्या दप्तरातील राजीनामा व कबुलायत ती हीच, फक्त कागदाऐवजी फावडे!

एवढी दक्षता असूनही १९५३ साली ३१ जानेवारी व १ फेब्रुवारी यांमधील रात्री समुद्राने बांध फोडले व त्या देशात १,८३६ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर मोठी धरणे बांधली गेली. ओस्टरस्केल्डे खाडी पूर्ण बुजविण्याचा बेत होता, पण कोळी व निसर्गप्रेमी यांनी विरोध केल्यावर तेथे ६२ पोलादी दरवाजे बसविले. ते १९८६ मध्ये सुरू झाले. भरती-ओहोटी नित्य चालू राहते, वादळात तेवढे दरवाजे लावतात. आपल्या खारबांधाच्या उघाडीचेच हे विराट रूप होय.

एका वृद्ध शेतकऱ्याच्या घरी आम्ही कॉफी घेतली. हे गृहस्थ जलमंडळावर होते. दुभाष्यामार्फत त्यांनी मला विचारले, “तुमच्या बांधाची पट्टी किती?” तीस वर्षे दुसऱ्यांचा शेतसारा लिहिणारा मी निरुत्तर झालो. आम्ही पट्टी देतच नव्हतो.

सभासदांस ठाऊक आहे की, टेमघरापासून खाडी फार दूर नाही, व खाडीकाठी माझे वडिलार्जित एक खाचर होते. २६ जुलै २००५ च्या महापुरात त्याच्या बाहेरकाठ्यास खांड पडली. मी त्या वेळी कचेरीत बसून इतरांच्या नुकसानीचे पंचनामे नकलीत होतो. शेजाऱ्याने म्हटले, सरकार करील. मी म्हटले, शेजारी करील. दोन वर्षे खारे पाणी आत-बाहेर करीत राहिले. आज तेथे तिवरांचे रान आहे, आणि कायद्याने त्यास हात लावता येत नाही, हे योग्यच आहे. दोष तिवरांचा नव्हे.

हॉलंडची नक्कल येथे सर्वस्वी लागू पडणार नाही. तेथे सुमारे आठशे मिलिमीटर पाऊस वर्षभर विभागून पडतो, आपल्याकडे त्याच्या तिपटीच्या आसपास चार महिन्यांत कोसळतो. सरकारकडेही १९४८ चा व पुढे १९७९ चा खारजमिनींचा कायदा आहे, आणि पनवेलच्या संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत. परंतु खेकड्याने पाडलेले बीळ मूठभर चिखलाने बुजविण्याची वेळ कोणताही कायदा साधू शकत नाही. ती वेळ गेली की गाडीभर दगडही पुरत नाहीत.

माझ्या गेलेल्या खाचराशेजारील बांधास यंदा दोन ठिकाणी बिळे दिसली आहेत. त्यामागे अकरा खातेदारांचे भात आहे. माझी विनंती एवढीच की, त्यांनी क्षेत्राच्या प्रमाणात वार्षिक पट्टी ठरवावी, उघाडीची किल्ली एकाच्या हाती द्यावी, आणि मृगापूर्वी एक दिवस सर्वांनी घमेली घेऊन बांधावर यावे. तेथे माझी जमीन उरलेली नाही, तरी हिशेब लिहिण्यास व फावडे धरण्यास मी येईन. फावडे रोवून निघून जाणाऱ्यांत एकदा माझी गणना झाली, ती पुन्हा होऊ नये.