माती फुकट, मग माठाला पैसे का?

माझे आजोबा कुंभार आहेत. आमचे गाव तेरच्या जवळ आहे. मागच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी माझी एक मैत्रीण तिच्या आईबरोबर माठ घ्यायला आली होती. आजोबांनी १५० रुपये सांगितले. तिची आई म्हणाली, "बाबा, मातीचे एवढे पैसे? माती तर फुकट असते." आजोबा काही बोलले नाहीत, नुसते हसले. मला मात्र लई राग आला. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सांगितले. गुरुजी म्हणाले, "राग धरू नकोस. माठ कसा होतो ते भित्तिपत्रकात लिही." म्हणून मी लिहीत आहे. मैत्रिणीला विचारूनच लिहिले आहे.

प्रथम मातीचे सांगते. कुंभाराला कोणतीही माती चालत नाही. उन्हाळ्यात तलाव आटला की तळाचा चिकट गाळ ट्रॅक्टरने आणावा लागतो. ट्रॅक्टरचे भाडे पडते. मग ढेकळे फोडायची, खडे वेचायचे, माती चाळायची आणि दोन दिवस भिजत घालायची. तिच्यात राख आणि गाढवाची लीद मिसळतात. लीद म्हटले की मुले नाक धरतात. पण लिदीमुळे माठ वाळताना तडकत नाही. भाजताना लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक बारीक छिद्रे राहतात.

नंतर माती पायांनी तुडवतात. मी पण तुडवते. पायाला खडा लागला की लगेच काढून टाकायचा. एक खडा राहिला तरी माठ तिथेच फुटतो.

मग चाक. पूर्वी आजोबा काठीने चाक फिरवत. आता आमच्याकडे विजेचे चाक आहे. वीज गेली की पुन्हा जुने चाक आणि काठी. तुम्हांला वाटेल की माठ चाकावरच पुरा होतो. तसे नाही. चाकावर फक्त तोंड आणि जाड अंग होते. आजोबा ते दोऱ्याने कापून सावलीत ठेवतात. थोडे सुकले की आतून गोल दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने थापटायचे. थापटून थापटून माठ पातळ आणि मोठा होत जातो. आजी थापटते तेव्हा सगळ्या गल्लीला थप थप आवाज ऐकू येतो.

मग माठ आठ दिवस सावलीत वाळवतात. उन्हात ठेवला तर बाहेरून लवकर वाळतो, आतून ओला राहतो आणि तडकतो. शेवटी आवा लावायचा. गोवऱ्या, सोयाबीनचे भुसकट, त्यावर मडकी, पुन्हा गोवऱ्या, असे थर लावतात. वरून खापरे आणि राख घालून झाकतात. रात्रभर आवा जळतो. दुसरा दिवस निवायला जातो.

आता माझी चूक सांगते. फाल्गुनात मी पैसे साठवायला मातीचा गल्ला केला होता. चांगला जाड केला होता. तो वाळून चारच दिवस झाले होते. आजोबा म्हणाले, "माय, पुढच्या आव्यात घालू." पण मला घाई होती. मी कोणाला न सांगता तो माठांच्या मधे ठेवून दिला. रात्री आव्यातून फट् असा आवाज आला. आजोबा उठून बसले. सकाळी बघितले तर गल्ल्याचे तुकडे तुकडे झाले होते आणि शेजारचे चार माठ फुटले होते. गल्ल्यात आत ओल होती. आगीने तिची वाफ झाली. वाफेला बाहेर यायला वाट मिळाली नाही, म्हणून तो फुटला.

चार माठांचे ६०० रुपये झाले. त्या पैशांत ट्रॅक्टरचे उरलेले भाडे द्यायचे होते. मी खूप रडले. आजोबांनी मला मारले नाही. ते म्हणाले, "मातीला घाई चालत नाही." फुटकी खापरे त्यांनी गोळा करून ठेवली. पुढच्या आव्यावर झाकायला ती लागतात.

एकदा भाजलेल्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही. आमची सहल तेरच्या वस्तुसंग्रहालयात गेली होती. तिथे सुमारे २००० वर्षांपूर्वीची मातीची भांडी आहेत. ती इतकी वर्षे जमिनीत पुरली होती, तरी विरघळली नाहीत.

माठात पाणी गार का होते, हे आम्हांला गुरुजींनी शिकवले. छिद्रांतून थोडे पाणी बाहेर झिरपते आणि त्याची वाफ होते. वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून उन्हाळ्यात पाणी जास्त गार होते. पावसाळ्यात हवा दमट असते, म्हणून कमी गार होते. पावसाळ्यात मडकीही वाळत नाहीत. तेव्हा आजोबा दुसऱ्याच्या शेतात कामाला जातात. नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या आणि संक्रांतीची सुगडी आली की पुन्हा चाक सुरू होते.

संत गोरोबाकाका तेरचेच. त्यांनी थापटणे मारून संतांपैकी कोण कच्चे, कोण पक्के ते पाहिले, अशी गोष्ट सांगतात. नामदेव महाराज तेव्हा कच्चे निघाले. तुम्हीसुद्धा माठ घेताना बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजला तर पक्का. भद्द वाजला तर घेऊ नका, आजोबा दुसरा देतील.

मी सगळे दिवस मोजले. माती भिजवण्यापासून माठ निवेपर्यंत पंधरा दिवस लागतात. पालकांनी माठ जरूर वाजवून घ्यावा. पण माती फुकट असते असे आजोबांना म्हणू नये, ही माझी नम्र विनंती आहे.

इयत्ता ४ थी